प्रतापचा हात

"आम्हाला प्रतापचा हात द्या," जैसलमेरला जीप भाड्याने घेताना रेवती म्हणाली आणि तिच्या नवऱ्याच्या, गिरीशच्या अंगाचा तिळपापड झाला. वाळवंटात नेण्याच्या प्रत्येक जीपमध्ये कुठल्यातरी मेलेल्या ड्रायव्हरची गाडी चालवायची लकब, म्हणजे त्याचा 'हात', भरलेली असायची; बटण दाबलं की जीप त्याच्यासारखी आपोआप चालायची. प्रताप हा त्यातलाच एक, रेवतीचा पहिला नवरा.

"मेला तरी पिच्छा सोडत नाही!" गिरीशने वाटेत बटण बंद केलं, स्वतः चालवली आणि पहिल्याच टेकाडावर जीप वाळूत रुतवली.

"फिटली हौस? आता लावा त्याला."

दातओठ खात त्याने बटण दाबलं. जीप सुटली, भरधाव निघाली, पण प्रत्येक खड्ड्याआधी अलगद मंदावू लागली.

"हे काय नवीन?"

"माझी कंबर दुखते ना, म्हणून."

"कधीपासून?"

"तुमच्याशी लग्न व्हायच्या आधीपासून."

गिरीशने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. जीपला काहीच फरक पडला नाही.