पेरुसीची पायरी

कामोगाने ओसरीत गोणपाट पसरलं, त्यावर तीन वस्तू मांडल्या आणि आईला, पेरुसीला, समोर बसवलं. एक धारेचा चौकोनी दगड, एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. एक खाटकाकडे असते तशी लोखंडी सळई. आणि एक प्लास्टिकची डबी, तिच्या खाचेतून सुरी ओढली की झालं. कंपालाहून येताना त्याने दुकानदाराचं डोकं खाऊन सगळी माहिती काढून आणली होती.

"यातलं तुला काय बरं वाटतं ते सांग," तो म्हणाला. "उद्या गवंडी पायरीला फरशी बसवणार. मग तिथे सुरी घासता यायची नाही."

पेरुसीने पायरीकडे पाहिलं. सिमेंटच्या कडेला दोन खळगे पडले होते. लहान खळगा तिच्या सुरीचा. संध्याकाळी हिरवी केळी सोलायला बसण्याआधी ती तिथे सुरी पाजवायची. लांबोडका खळगा खालच्या आळीतल्या झकालियाच्या कोयत्याचा. खरं तर झकालियाच्या अंगणात असा दगड होता की सगळं गाव कुऱ्हाडी पाजवायला त्याच्याकडे जायचं, आणि झकालिया पेरुसीच्या पायरीवर यायचा. पाजवून पाजवून त्याचा कोयता झिजून सुरीएवढा झाला होता.

बायको गेलेला माणूस विधवेच्या दारात रोज येऊन बसला, तर गावाच्या जिभेला वेगळी धार लावावी लागत नाही. पण त्याच्या हातात बोथट कोयता असला की कुणी काही बोलत नाही. झकालिया यायचा, कोयता घासायचा, कॉफीच्या झाडांबद्दल आणि आपल्या गुडघ्याबद्दल चार शब्द बोलायचा. ती केळी सोलत ऐकायची. तेवढ्यासाठी ती सकाळपासून संध्याकाळची वाट बघायची.

तिने कामोगाच्या तिन्ही वस्तू वापरून पाहिल्या. दगडाने सगळीकडे पाणी पाणी होतं, म्हणाली. सळई फार किरकिरते. डबीत सुरी गुदमरते. कामोगाने तिच्या हातातून सुरी घेतली, एक केळं सोलायला घेतलं आणि अंगठाच कापून घेतला.

"धार तर आहे की," चिंधी बांधत तो म्हणाला. "मग तूच सांग आई, कशाने लावायची?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण या वयात पोटच्या मुलाला असलं काय सांगायचं? जमिनीकडे बघत ती म्हणाली, "डबी बरी आहे."

संध्याकाळी झकालिया कोयता घेऊन आला. कामोगा मनाचा मोठा. त्याने तो चौकोनी दगड झकालियाच्या हातात ठेवला. "हा तुम्ही घ्या, काका. आता एवढ्याशा कामासाठी इथवर चढ चढून यायला नको."

झकालियाने दोन्ही हात पुढे करून दगड घेतला, आभार मानले. मग त्याने पायरीकडे पाहिलं. "मुलगा गुणी आहे, न्याबो," तो म्हणाला. तो तिला नावाने कधी हाक मारत नसे, परक्या बाईला म्हणावं तसं न्याबो म्हणायचा. तो वळून उतार उतरायला लागला आणि पेरुसीला आपल्या गुणी मुलाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी फरशी बसली. निळी, चकचकीत. त्या संध्याकाळी झकालिया आला नाही, त्याच्या दुसऱ्याही संध्याकाळी नाही. सुरी लोण्यातून फिरावी तशी केळ्यांमधून फिरत होती. केळी लवकर सोलून व्हायची आणि संध्याकाळ तशीच उरायची. पेरुसी फरशीला नावं ठेवत राहिली. घसरते, डोळ्यांवर येते, कोंबड्या बुजतात. फरशीचा काही दोष नव्हता. तिला करमत नव्हतं, आणि तेच कुणाला सांगता येत नव्हतं.

फरशी बसल्याच्या तिसऱ्या दिवशी ऊन उतरलं तेव्हा रस्त्यावर गलका झाला. झकालिया सायकल ढकलत येत होता. मागे केळ्यांचा घड बांधतात तिथे त्याच्या अंगणातला तो दगड होता, केळीच्या सोपटाने करकचून बांधलेला, आणि ओझ्याने चाक पार बसलं होतं. भेटेल तो विचारत होता, आता आमच्या कुऱ्हाडी कुठे आणायच्या? झकालियाला धाप लागली होती. तो फक्त हनुवटीने वर पेरुसीच्या घराकडे दाखवत होता. सगळ्या गावादेखत.

अंगणात येऊन त्याने सायकल झाडाला टेकवली.

"काका, मी दिलेला दगड चालत नाही का?" कामोगाने विचारलं.

"चालतो की. उत्तम आहे."

"मग हा?"

"हाही उत्तम आहे." झकालियाने कपाळावरचा घाम पुसला. "पण माझ्या घरी चालत नाही."

कामोगाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई नव्हतीच, ती घरात गेली होती. त्याने गोणपाट आणलं, चार घड्या घालून नव्या फरशीवर अंथरलं आणि दगडाला हात लावायला पुढे झाला.

दोघांनी मिळून दगड ठेवला तोवर पेरुसी डोक्याचा रुमाल नीट बांधून बाहेर आली होती. तिच्या हातात सुरी होती. ती दगडाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"बरं झालं आणलात," ती झकालियाला म्हणाली. "माझीही अगदी बोथट झाली आहे."

कामोगाने चिंधी बांधलेला अंगठा हळूच मुठीत लपवला.