भरड दळण

लकवा मारल्यापासून बायनाबाईंना उजवा हात आपला वाटतच नव्हता. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. सून वनिता रोज भाकरी करायला बसली, की तो हात उचलून परातीतल्या पिठात ठेवायची. आज दारातल्या शेळीला हाड्‌ हाड्‌ करता करता बायनाबाई एकदम खेकसल्या, “कसलं गं हे दळण? हाताला वाळूवानी लागतंय! म्हायेरी हेच शिकलीस व्हय?”

वनिता टुणकन उठली. “अहो, ऐकलं का? आत्याबाईंनी माझ्या दळणाला नावं ठेवली!”

सतीश अंगणातून पळतच आला. आईचा हात पिठासकट गालाला लावून म्हणाला, “मग आता गिरणीवाल्याला ‘भरड काढ’ म्हणायचं बंद करू ना? दाढा लई दुखायल्यात, आई!”