मरायचा रोल

"आमच्या ह्यायले मरायचा रोल नको देऊ बापा, मृणाल. हे लवकर मरत नाहीत," असं प्रेमलाकाकूंनी पहिल्याच तालमीला सांगितलं होतं. मृणाल हसली होती. दोन वाक्यांचं तर मरण होतं.

आता स्मृति नगरातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ते मरण चालू होतं आणि संपत नव्हतं. मृणाल विंगेत उभी, खांद्यावर तिचा तान्हा मोनू झोपलेला. प्रेमलाकाकू नवऱ्याचं नाटक पाहायलाही बसल्या नव्हत्या. बाहेर पब्लिकसाठी बटाट्याचे आलूगुंडे तळत होत्या.

स्टेजवर खाटेवर काकूंचे श्यामराव. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, या नाटकात बाप. उशाशी मुलाच्या भूमिकेत धनंजय, इथल्याच हिंदी शाळेत शिकलेला. बापाचं शेवटचं वाक्य मृणालने मोनूला मांडीवर थोपटत थोपटत लिहिलं होतं: "मी निघतो आहे. हा दिवा विझू देऊ नकोस." मग स्तब्धता. मग पडदा. त्या स्तब्धतेसाठीच तिने अख्खं नाटक लिहिलं होतं.

तालमीत श्यामराव म्हणायचे, "मी मरून राहिलो, बाबू."

"काका, 'निघतो आहे'."

"निघतो आहे म्हणणारा माणूस बस स्टँडवर जाते, पोरी. मरत नाही."

पण शेवटी बिचाऱ्यांनी पाठ केलं होतं.

आणि आज विसरले. "मी... मी मरून राहिलो, बाबू!"

हॉल हसला. श्यामरावांनी एक डोळा उघडून पब्लिककडे पाहिलं. तो डोळा पाहून मृणाल विंगेच्या टोकापर्यंत सरकली.

"कूलरमंदी पानी टाकलं काय?" श्यामरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"टाकलं, बाबा," धनंजय म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मोटर बंद केली?"

"केली."

"मंग टाकी कावून वाहून राहिली?"

मागून कोणीतरी शिट्टी मारली.

"मरा ना, काका!" मृणाल विंगेतून कुजबुजली. "वाक्य घ्या आणि मरा!"

पडद्याचा दोर धरून देवराव शेजारीच उभे होते. "मरू दे ना त्याले आरामशीर. पब्लिक खूश आहे."

"ही शोकांतिका आहे, देवरावकाका."

"मंग पब्लिकले सांग."

तिकडे धनंजयचा धीर सुटला. लिहिलेलं सगळं संपलं होतं आणि बाप अजून जिवंत होता. तोंडात जी भाषा आधी आली, तिच्यात त्याने रडायला सुरुवात केली. "बाबूजी, आप ऐसे मत जाइए..."

श्यामराव कोपरावर उठले. धनंजयकडे पाहत राहिले.

"मले हिंदीत रडू नको रे," ते म्हणाले. आणि आडवे झाले.

लोक हसले. मग मागच्या रांगांपासून पुढच्या रांगांपर्यंत हसू थांबत आलं. धनंजय "बाबा" म्हणाला, पण पुढचा शब्द त्याला सापडेना. त्याने चादरीत तोंड खुपसलं. हॉलमध्ये पंख्यांची घरघर तेवढी राहिली.

हीच. मृणालला हवी होती ती हीच स्तब्धता. दिव्याशिवाय आली होती.

"पडदा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. देवरावांनी दोर ओढला. पडदा हातभर सरकला आणि अडकला. ते स्टूल शोधायला मागे गेले.

पडदा पडेपर्यंत हलायचं नाही, असं तिनेच श्यामरावांना बजावलं होतं. पण तालमीत हा माणूस मेल्यावरही पाय खाजवायचा. आता त्यांचं बोटही हलत नव्हतं. तोंड अर्धवट उघडं. टेबल फॅनच्या वाऱ्याने सदरा फुगत होता. छाती हलते की नुसता सदरा, ते विंगेतून कळेना.

तिने एक पाय स्टेजवर टाकला. फळी करकरली. पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसणाऱ्या बाईने मान वळवली. मोनू चुळबुळला. मृणालने पाय मागे घेतला आणि थेट पानाबाहेर पाहिलं.

"अहो! तुम्ही, हो, हे वाचून राहिले ते. तुमच्याकडे कोणाचं लक्ष नाही. हळूच जा ना. नाकाखाली बोट धरा, मोनूचं मी रोज तसंच पाहते. काका श्वास घेऊन राहिले ना?"