सुई धरणारी बोटं

शेवंता गुंजाळने उजवा हात काउंटरवर ठेवला. कारखान्याच्या प्रेसमध्ये मनगट गेल्यावर सरकारने बसवून दिलेला हा यांत्रिक हात पेला धरायचा, दार उघडायचा, बादली उचलायचा. सुई मात्र त्याला धरता येत नव्हती, आणि शिवणकामाच्या नव्या नोकरीत ते जमवून दाखवायला तिला सोमवारपर्यंतच मुदत होती.

"सुई धरायचा कोड हात बनवणाऱ्या कंपनीच्या कोड-लायब्ररीत कधीचा तयार आहे, ताई," सेवा केंद्रातले कुलथे म्हणाले. "पण तो नव्या प्रोग्रॅमिंग भाषेत. महागड्या हातांनाच चालतो. तुमचा हात जुन्या भाषेतला."

"मग जुन्या भाषेत लिहा की!"

"कंपनी मागणी बघून लिहिते. जुन्या हातांकडून चार वर्षांत एकही अर्ज नाही."

"कुठे करायचा अर्ज?"

कुलथ्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "इथे टाइप करा. बसवलेल्या हातानेच हं, म्हणजे ओळख पटते."

शेवंताने एक बोट पुढे केलं, तर पाचही बोटं एकदम आपटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टाइप करण्याची हालचालसुद्धा नव्या भाषेतच होती!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज तिने चढू दिला नाही. "म्हणजे आधी तोंड बांधायचं, आणि वर म्हणायचं, ही बाई काही मागतच नाही?"

"नियम आहे, ताई. मी काय करणार?"

मागच्या बाकांवर तसलेच हात मांडीवर घेऊन एकोणीस बायका बसल्या होत्या. एकेक करत त्या उठून तिच्यामागे उभ्या राहिल्या. शेवंताने डाव्या हाताने कोरा कागद कुलथ्यांपुढे सरकवला.

"तुमची बोटं चालतात ना, साहेब? मग लिहा. पहिलं नाव माझं."