रुमाल काढायची घाई

खोटं बोलत असेन तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथं गळून पडोत! यातला शब्द न् शब्द खरा आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागातून ड्रमवाल्या ऑगस्ट फॉन्टेनेलची मयत चालली होती, भर दुपारी. बँड घरचाच, आजोबांपासून सगळे वाजवणारे. ऑगस्टचा ड्रम आज त्याच्या लेकीच्या, व्हर्नेलच्या गळ्यात. ड्रमच्या तळाला झणझणणाऱ्या तारा असतात, त्यांच्याखाली रुमाल कोंबलेला, म्हणजे आवाज दबका निघतो. मढ्याची गाडी कोपऱ्यावरून वळून पार दिसेनाशी झाली, की रुमाल काढायचा आणि मग नाचायचं. त्याआधी नाही. जाणाऱ्याच्या कानावर नाचाचा ठेका पडला तर तो जाईल कशाला? हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक.

पण व्हर्नेलचा जीव पलीकडं तिच्यासाठी थांबलेल्या टॅक्सीत अडकलेला. तिचं फंकचं, नाचऱ्या ठेक्याचं गाणं रेडिओवर गाजायला लागलं होतं. आज संध्याकाळी अटलांटात पहिला मोठा कार्यक्रम. विमान चुकलं, की कार्यक्रम दुसरीच्या पदरात, आणि ही परत लोकांच्या लग्नात गायला.

मढ्याची गाडी वळायला लागली आणि हिनं रुमाल ओढला.

"अगं ए भवाने! मागचं चाक दिसतंय अजून!" अल्सीदकाका ट्रॉम्बोन खाली घेऊन ओरडला.

ड्रम कडाडला होता. नाचात मिरवायच्या छत्र्या उघडल्या, माणसं नाचायला लागली. मढ्याची गाडी कोपऱ्यावरच बंद पडली.

आणि व्हर्नेलच्या पाठीशी दुसरा ड्रम वाजू लागला. तिच्या ठेक्याच्या किंचित मागून, रेंगाळत. बँडात ड्रम तर एकच. तिनं हात उचलले. तो आणखी थोडा वाजला, मग थांबला.

नाचणारे जागच्या जागी थिजले.

"असा रेंगाळत आमचा दादाच वाजवायचा," काका म्हणाला.

"काका, घाबरवू नकोस. मला जायचंय."

"जा की! तोही येईल. त्याला कुठं फिरायला मिळालं जन्मात? नाहीतर रुमाल कोंब परत, अन् पहिल्यापासून संथ वाजव. नीट वाटेला लाव त्याला."

"किती वेळ लागेल?"

"मेल्या माणसाला कसली घाई, बाई!"

टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला. मागून कुणीतरी त्याच तालात ड्रमच्या कडेवर काठी टकटकवली. व्हर्नेलनं वळून पाहिलं नाही.

तिनं रुमाल परत कोंबला. संथ चाल पहिल्यापासून वाजवली. गाडी धुगधुगली, वळली, दिसेनाशी झाली. मागं चिडीचूप. विमान गेलं तर गेलं, पण बापही सुटला आणि लेकही.

बरं, अशी रोखून बघू नका माझ्याकडं. सगळं खरंय, ती थांबली एवढंच मी पदरचं घातलं. टॅक्सीत बसली ती. आणि दार ओढून घ्यायच्या आधी जरा सरकली, शेजारी जागा करून.