तिसऱ्या मजल्यावरची गाडी

भिंत कोसळली आणि ऑपरेटरचा हात यंत्राच्या दांड्यावरच थांबला.

धूळ खाली बसत गेली तसे आधी दोन गोल दिवे दिसले, मग लांबलचक नाक, मग अख्खी गाडी. तिसऱ्या मजल्यावर, विटांच्या ढिगामागे, रस्त्याकडे तोंड करून उभी.

ऑपरेटरने आजवर गोदामं पाडली होती, सिनेमागृहं पाडली होती, एकदा तर स्वतःची शाळाही पाडली होती. इमारती पाडून पाडून त्याची नजर मेली होती. आज मात्र तो यंत्र बंद करून खाली उतरला आणि आ वासून वर पाहत राहिला.

"या जिन्यावरून माणूस धड चढत नाही. गाडी कशी चढली?"

"उडत गेली असेल!" ठेकेदार खेकसला. "भंगार आहे. पाड."

"लिफ्टने गेली," मागून आवाज आला.

फुटपाथवरच्या गर्दीतून एक वयस्कर बाई पुढे आल्या. ही इमारत म्हणजे मोटारींची शोरूम होती, तेव्हा त्या तिथे टेलिफोनवर होत्या. पुढे इथे फर्निचरचं दुकान आलं, मग शिकवण्या, मग नुसती कबुतरं. बाईंच्या तोंडी मात्र अजून शोरूमच होती.

"थोरली लिफ्ट होती. खोलीच म्हणा ना. नव्या गाड्या पाहुण्यांसारख्या वर जायच्या. तिथे नटूनथटून खाली यायच्या आणि काचेआड उभ्या राहायच्या. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यावरची माणसं चालायची थांबायची."

"मग ही का राहिली?" ऑपरेटरने विचारलं.

"एका नवरा-बायकोने पसंत केली होती. न्यायला आलेच नाहीत. मालक म्हणायचे, दुसऱ्याची गाडी आपण कशी विकायची? मालक गेले. नव्या लोकांनी लिफ्ट काढून टाकली. आता हिला उतरवणार कशी? घातली पुढे भिंत आणि विसरून गेले."

एवढ्या वर्षांत कितीजण त्या भिंतीखालून गेले असतील, कुणालाच पत्ता नव्हता.

"पाड रे," ठेकेदार म्हणाला. आवाजातला जोर मात्र ओसरला होता.

"मी नाही पाडणार," ऑपरेटर म्हणाला. आपण हे बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग तो जिन्याने वर गेला. पायाखालची फरशी हलत होती, खालून लोक ओरडत होते. तो भिंतीच्या कडेकडेने सरकत गाडीपाशी पोचला. आत सीटांवर कारखान्यातला कागद तसाच होता. हात शर्टाला पुसून त्याने दाराला बोटं लावली आणि कुणी झोपलेलं असावं तशी चटकन मागे घेतली.

छपराचे पत्रे माणसांनी हातांनी उतरवले. चाकांखालून पट्टे घातले. क्रेन मागवली, तिच्यावर ऑपरेटरने दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. आणि खाली भर चौकात उभं राहून रहदारी अडवली ती ठेकेदाराने. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

गाडी उचलली गेली. क्षणभर पट्टे करकरले. मग ती अलगद बाहेर आली आणि रस्त्याच्या वर, मोकळ्या आभाळात तरंगू लागली. पुढचं एक चाक आपोआप, सावकाश फिरत होतं. रांगेतल्या बसवाल्याने इंजिन बंद केलं. कुणीही हॉर्न वाजवला नाही.

गाडी रस्त्यापासून हातभर उंचीवर आली, तशा बाई क्रेनजवळ सरकल्या.

"हळू टेकव, बाळा," त्या म्हणाल्या. "तिने अजून रस्ता पाहिलेला नाही."