बुटाचं फडकं

टेसाने नवऱ्याच्या, वेसच्या, शिकारीच्या कोटाची कॉलर उलटी केली आणि आतून बाळाची पावडर चोळली. मग कोट पुन्हा झाकणाच्या डब्यात, पाइनच्या डहाळ्यांखाली दाबून ठेवला.

बिनवासाच्या साबणाने कोट धुवायचा, अंगणात वाळवायचा, डहाळ्यांत मुरवायचा, हे सगळं तीच करायची. हरणाला माणसाचा नुसता वास आला तरी ते फिरकत नाही. पावडर तर लांबूनच कळेल, असा तिचा हिशेब होता.

मार्चमध्ये वेसच्या हृदयात स्टेंट बसवला होता. मचाणावर बसायला हरकत नाही, पण मारलेलं हरीण बर्फातून ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वेसचे वडील हरीण ओढतानाच गेले होते. तरी नोव्हेंबरात, शिकारीच्या हंगामात, वडिलांच्या मचाणावर वेस बसला नाही, हे मिशिगनच्या उत्तरेकडल्या त्यांच्या गावात कुणाला पटलं नसतं. आणि मारलं, की तो एकट्याने ओढणार, हेही टेसाला ठाऊक होतं.

"आजही नाहीच?" संध्याकाळी वेसचा भाऊ क्ले दारातच म्हणाला. "वहिनी, याला आता गाजरंच वाढा."

"वारा फिरतोय," वेस म्हणाला. "मादीच्या वासाचं फडकं बुटाला बांधून पार मचाणापर्यंत ओढत नेतो. नर त्या मागावर यायलाच हवा."

"त्या वासाची बाटली जुनी असेल."

"मग उद्या तूच उभा राहा तिथे, मादी म्हणून."

दोघं हसले. टेसा बाळाचं बदकाचं लाळेरं शोधत होती. हंगाम सुरू झाल्यापासून ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी पावडरचा डबा रिकामा निघाला. तिने तो तळहातावर आपटला. काही पडलं नाही. तोवर वेसने कोट काढून अंगात चढवलाही होता.

"आज राहू दे ना. वारा पडलाय."

"म्हणून तर जातोय," तो म्हणाला आणि बाळाच्या डोक्यावर ओठ टेकवून निघाला.

दुपारी मचाणाच्या बाजूने बार ऐकू आला. तिने वेसला फोन लावला, मग क्लेला. कुणी उचलला नाही. बाळाला कडेवर घेऊन ती खिडकीत उभी राहिली. सूप उतू गेलं, तरी तिथेच उभी राहिली.

अंधारायच्या आत वेस रिकाम्या हाताने आला.

"क्लेने मारलं. तोच ओढतोय," तो म्हणाला. "मला शेपूटसुद्धा दिसलं नाही."

त्याचा श्वास संथ होता. टेसा खाली बसली आणि त्याच्या बुटाच्या गोठलेल्या नाड्या सोडू लागली. टाचेमागे ते फडकं अजून बांधलेलं होतं.

पिवळं होतं. त्यावर बदक होतं, आणि त्याला आंबट दुधाचा वास येत होता.